मज्जारज्जूच्या डिफ्यूजन एमआरआयमध्ये तुटलेले तंतू दिसतात का?

मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब दिसतोय, तर मेंदूचं काढतात तसं रंगीत तंतूंचं चित्र काढून कोणते तंतू तुटलेत ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. असे स्कॅन संगणकावर तपासणं हेच माझं काम. नाही, तसं कळत नाही.

त्या चित्रातली रेघ म्हणजे तंतूचा फोटो नव्हे. डिफ्यूजन एमआरआयमध्ये स्कॅनर मोजतो ती पाण्याच्या रेणूंची हालचाल, म्हणजेच डिफ्यूजन. शरीराच्या तापमानाला मोकळं पाणी 50 मिलिसेकंदांत एका दिशेत सुमारे 17 मायक्रोमीटर सरकतं. चेतातंतूंच्या जुडग्यात ते लांबीच्या दिशेनं सहज जातं, आडवं जायला मात्र पेशींची आवरणं आणि मायलिन (तंतूंभोवतीचं चरबीयुक्त वेष्टण) आड येतात. या फरकावरून तंतूंची दिशा ताडायची. तंतू जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा. मज्जारज्जूच्या स्कॅनमधला एक ठोकळा, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान तुकडा, साधारण एक मिलिमीटर रुंद आणि बऱ्याचदा पाच मिलिमीटर उंच. त्यात हजारो तंतू!

शिवाय मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा. मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्यांमुळे चुंबकीय क्षेत्र जागोजागी बदलतं आणि चित्र ताणलं जातं. श्वासागणिक फुफ्फुसांतली हवा त्यात भर घालते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रज्जूभोवतीचा द्रव उसळतो, रज्जूही किंचित वरखाली होतो. मोजायचे असतात मायक्रोमीटर, आणि मोजायची वस्तूच त्याहून कितीतरी जास्त हलते. म्हणून बोटाला नाडीचा सेन्सर लावून, ठोक्याची लाट ओसरल्यावर माहिती घेतात. वेळ वाढतो, पण मला विचाराल तर ही पायरी गाळूच नये.

तुमच्या बाबतीत खरी अडचण पुढेच आहे. रज्जूच्या कडेच्या ठोकळ्यांत बाहेरच्या द्रवाचं पाणी मिसळतं, आणि आकडे इजा झाल्यासारखे येतात. दाबानं रज्जू चपटा झाला की असे कडेचे ठोकळेच जास्त उरतात. म्हणजे जिथे खात्रीची गरज सर्वाधिक, तिथेच मोजमाप सर्वांत कच्चं. रेघ तुटलेली दिसली म्हणून तंतू तुटला असं म्हणता येत नाही.

रुग्णांच्या गटांची तुलना करायला संशोधनात हे तंत्र खरंच मोलाचं आहे. तुमचा निर्णय मात्र डॉक्टर साधा एमआरआय आणि प्रत्यक्ष तपासणीवरून घेतील. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा बदलला असेल, तर वेगळ्या स्कॅनची वाट न पाहता मणक्याच्या सर्जनना लगेच भेटा.