अडीचशे नाणी, चाळीस होल्डर

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. त्यात अडीचशेच्या आसपास नाणी आहेत. राणी-राजाचे सतरा चांदीचे रुपये (त्यांतले सात दर वर्षी लक्ष्मीपूजनाला निघतात), अकरा शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), भोकाचे पैसे, नये पैसे, ॲल्युमिनियमची चिल्लर, नेहरूंचा रुपया असं सगळं आहे. काही नाणी वर्तमानपत्राच्या पुड्यांत आहेत आणि पुडीवर आजोबांच्या अक्षरात टिपणं आहेत. मी चाळीस टू-बाय-टू होल्डर (मध्ये पारदर्शक खिडकी असलेले दोन इंची पुठ्ठ्याचे चौकोन) आणि पाच कॅप्सूल (कडक प्लास्टिकच्या गोल डब्या) आणल्या आहेत. त्या कोणत्या नाण्यांना वापरू? ओळखीचे म्हणतात, महागाची तेवढी होल्डरमध्ये घाल, बाकीची बरणीत टाक. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण तो सल्ला मानून मी स्वतः एक नाणं घालवलं आहे. माहेरून आलेल्या नाण्यांत १९४३चा एक भोकाचा पैसा होता, कालच टाकसाळीतून आल्यासारखा लालबुंद. भोकाचा पैसा जुन्या बाजारात ढिगानं मिळतो, म्हणून तो मी बरणीत टाकला आणि गुळगुळीत झालेल्या रुपयांना मात्र एकेक होल्डर दिला. चार वर्षांनी बरणी टेबलावर उपडी केली तर तो पैसा मला ओळखताच येईना. इतर पैशांशी घासून, येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात लागून तो बाकीच्यांसारखाच तपकिरी झाला होता. त्या झिजलेल्या रुपयांचं होल्डरबाहेर काहीच बिघडलं नसतं.

तेव्हापासून मी नाणं हातात घेतलं की भावाचा विचार मागे ठेवते. हे नाणं आणखी घासलं तर त्याचं काय जाईल, एवढंच आधी पाहते. तुमच्या चाळीस होल्डरांची वाटणी याच प्रश्नावर करा.

सकाळी खिडकीशी टेबल घ्या आणि त्यावर जाड टॉवेल घडी घालून पसरा. टॉवेल टाळू नका. शहाबादी फरशीवर रुपया पडला की कडेला खाच पडते, ती कायमची. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नाणं फक्त कडेनं धरा. घामातल्या क्षारांमुळे बोटाचा ठसा तांब्यावर अक्षरशः कोरला जातो. आता नाणं उजेडात हळूहळू कलतं करा. न वापरलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. वापरलेलं नाणं घासलेल्या भांड्यासारखं जागच्या जागी चमकतं. आऱ्या फिरल्या की होल्डर, मग ते दोन पैशांचं का असेना.

रुपयांकडे सावकाश बघा, कारण तिथे खूप काही दडलेलं असतं. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर आधी गाल आणि कानावरचे केस झिजतात. १८६२ साल असलेला रुपया निघाला तर भिंग घ्या. हेच साल ठेवून १८७४पर्यंत रुपये पाडले गेले, आणि मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजून त्यांचे प्रकार ओळखतात. ठिपके स्पष्ट असतील तर त्याला होल्डर द्याच, कारण ते पुसले की नाण्याची ओळखच जाते. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीत एक हत्ती आहे. १९११च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय असे काही निघाले की लोकांना तो डुक्कर वाटला. लोक दुखावले, सरकारनं ते रुपये थांबवले आणि १९१२पासून हत्ती सुधारून घेतला. तुमच्या सतरांत १९११चा असेल आणि ते जनावर स्पष्ट दिसत असेल, तर पाचातली एक कॅप्सूल त्याची.

१९१८चे रुपये मात्र तुमच्याकडे दोन-चार तरी निघतील. पहिल्या महायुद्धात चांदीचा इतका तुटवडा झाला की अमेरिकेनं आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानसाठी चांदी पाठवली, आणि इथल्या टाकसाळींनी अफाट रुपये पाडले. त्यामुळे झिजलेले १९१८चे रुपये एकत्र ट्यूबमध्ये, म्हणजे नाण्यांच्या प्लास्टिकच्या नळीत ठेवले तरी चालतील. पण त्याच सालचा एखादा आऱ्या फिरणारा निघाला तर त्यालाही होल्डर द्या. १९३९चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे. तो दिसला तर होल्डर नंतर, आधी सोनाराच्या काट्यावर वजन करा. ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. भरला तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

लक्ष्मीपूजनाच्या सात रुपयांना मी होल्डर देणार नाही. त्यांच्यावर दूध, हळद-कुंकू, आणि नंतर कोरडं फडकं हे वर्षानुवर्षं झालेलं आहे, आणि तुमच्या घरात यापुढेही व्हावं. ती नाणी ताम्हनातच शोभतात. फक्त त्या सातांत एखादा चुकून चांगला राहिलेला असेल तर तो काढून घ्या आणि त्याच्या जागी झिजलेल्यांतला एक ठेवा. अक्षरांच्या खाचांत अडकलेलं कुंकू टाचणीनं कोरू नका.

आता शिवराया. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून बहुतेक शिवरायांवर अक्षरं कापलेली असतात. कुणावर ‘राजा’ पूर्ण, कुणावर नुसता ‘पति’. अकराही शिवराया शेजारी शेजारी मांडा आणि ज्यांच्यावर अक्षरं सर्वांत जास्त उमटली आहेत अशा दोन-तीन निवडा. मग असं बघा की एकीवर जे कापलं गेलंय ते दुसरीवर आहे का. जिच्यामुळे मजकूर पुरा होतो तिला निवडीत घ्या, ती दिसायला ओबडधोबड असली तरी. शिवराई जाड आणि वाकडीतिकडी असते. टू-बाय-टूच्या पातळ खिडकीत ती कोंबली की खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे मायलर, फाटतं. तिला पॉलिस्टरचं कडक पाकीट घ्या आणि होल्डर चपट्या, गोल नाण्यांसाठी राखा.

एक गोष्ट आजच बघून घ्या. कुठल्या शिवराईवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी आहे का? नखानं न निघणारा गुळगुळीत गडद हिरवा थर हे जुन्या तांब्याचं भूषण आहे, त्याला हात लावू नका. भुकटी निघत असेल तर मात्र तो रोग आहे. धातूत मुरलेली क्लोराइडं दमट हवेत तांबं आतून खात राहतात. अशी शिवराई बाकीच्यांतून लगेच बाजूला काढा. बंद होल्डरमध्ये न घालता सिलिका जेल टाकलेल्या कोरड्या डबीत एकटी ठेवा आणि दर पंधरवड्याला बघत जा.

ॲल्युमिनियमच्या पैशांना लोक हसतात, तीन पैशांच्या षट्कोनी नाण्याला तर फारच. पण ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यावर डब्यातल्या डब्यात चरे पडतात. म्हणून चरे न पडलेलं पाच पैशांचं नाणं मला झिजलेल्या रुपयापेक्षा जास्त जपावंसं वाटतं. प्रत्येक आकाराचं एक स्वच्छ नाणं काढा, बाकीचं मोकळं राहू द्या.

पुड्यांचं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. नेहरूंचा रुपया १९६४चा, आणि तो बाजारात फारसा कुणी विचारत नाही. पण त्याच्या पुडीवर आजोबांनी कधी, कुठल्या गाडीवर, कुणाकडून मिळाला हे लिहिलं असेल तर तो पहिल्या होल्डरचा मानकरी आहे. बरणीत गेल्यावर तो कुठला हे सांगणारं कुणीही उरणार नाही. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल आणि गंधक चांदीला काळं करतं, म्हणून नाणं पुडीतून काढायचंच आहे. पण एका वेळी एकच पुडी उघडा. टिपण जसंच्या तसं होल्डरच्या पुठ्ठ्यावर उतरवा, नाणं आत घालण्याआधी, म्हणजे पेनाचा दाब त्याच्यावर पडणार नाही. आजोबांच्या अक्षराचा तो कागदही फेकू नका. होल्डरचा आणि कागदाचा नंबर एकच टाकून तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मी तुमच्या जागी असते तर टिपण असलेल्या प्रत्येक नाण्याला होल्डर दिला असता, चाळिसांतले तीस त्यातच संपले तरी.

होल्डर नेमके कशाचे आहेत हेही तपासा. १९९३ साली मी मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांचा एक अल्बम घेतला आणि माझ्या निवडक नाण्यांनी तो भरला. बारा वर्षांनी उघडला तेव्हा षष्ठम जॉर्जचा एक अर्धा रुपया हिरव्या चिकट थरात बुडाला होता. मऊ पीव्हीसीतून तेलकट द्रव्य आणि आम्ल पाझरतं, त्याचा तो परिणाम. शुद्ध ॲसिटोनमध्ये ठेवून चिकटा गेला, पण खाली चांदीवर खड्डे पडले होते. तो अर्धा रुपया मी अजून जपला आहे, नवीन संग्राहक घरी आले की आधी तोच दाखवते. ओळख सोपी आहे: नव्या रेनकोटसारखा किंवा शाळेच्या वह्यांच्या मऊ कव्हरसारखा वास आला तर ते प्लास्टिक नाण्याजवळ नको. टू-बाय-टूची खिडकी मायलरची, म्हणजे पॉलिस्टरची असेल तर निर्धास्त राहा. पिना मारल्यावर मात्र त्या पकडीनं दाबून सपाट करा. उभी राहिलेली पिन शेजारच्या होल्डरच्या खिडकीतून आरपार जाते.

हे सगळं काम दिवाळीनंतर करा. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो तो होल्डरमध्ये नाण्याबरोबर बंद होतो. तोवर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि डबा कपाटात डांबरगोळ्यांपासून दूर ठेवा.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याकडची सगळी जुनी नाणी होल्डरमध्ये आहेत. मुलांना दाखवते, पण ती काचेतून बघितल्यासारखी बघतात आणि दोन मिनिटांत कंटाळतात. काही नाणी बाहेर काढली तर चालतील का?
– एक शिक्षिका, तळेगाव

उत्तर : नक्की काढा. ज्यांचं घासून काही जाण्यासारखं उरलेलं नाही अशी नाणी मुलांच्या हातात गेलीच पाहिजेत. झिजलेला आणा घ्या, नागमोडी कडेचा; मुलं डोळे मिटून कडेवरून ओळखतील. १९५७चा नया पैसा घ्या, म्हणजे शंभर पैशांचा रुपया कधीपासून झाला हे सांगता येईल. आणि भोकाचे पैसे घ्या, १९४३ ते १९४७चे, भरपूर. ते फार स्वस्त मिळतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी लवकर गेलात तर निवडायलाही मिळतील. पोरं ते नुसते बघत नाहीत, बोट घालून बघतात. एक जाड दोरा द्या आणि त्यात पैसे ओवायला सांगा: चार ओवले की एक आणा, अशा सोळा आण्यांचा एक रुपया. किती पैसे लागतील ते आधी सांगू नका. चौसष्टाव्या पैशापर्यंत दोरा कुणाच्या हातात आहे यावरून वर्गात भांडण होईल, तेवढं तुम्ही सांभाळा.