मुलांच्या नाताळच्या भेटींवर किती खर्च करावा?

आपण लिहिले आहे की घरात महिन्याला साधारण ६०,००० रुपये येतात, मुलगा ६ वर्षांचा व मुलगी ११ वर्षांची आहे, आणि तिला नाताळला १४,००० रुपयांचा टॅब हवा आहे. आम्ही वसईचे कॅथलिक असल्यामुळे हा प्रश्न आमच्याही घरी दर डिसेंबरला येतो, आणि अनुभवाने मी एकच माप धरून ठेवले आहे: दोन्ही मुलांच्या भेटी मिळून दोन दिवसांची कमाई. आपल्या बाबतीत ही रक्कम ४,००० रुपये होते. नवे कपडे, केक, फराळ आणि पाहुण्यांचा खर्च त्याच महिन्यात असतो, म्हणून याहून अधिक रक्कम सुचवण्याचे धाडस मला होत नाही.

चार वर्षांपूर्वी हे माप मी मोडले होते. मुलासाठी ९,००० रुपयांची, आत बसून चालवायची बॅटरीची मोटार मी नऊ हप्त्यांवर घेतली. फेब्रुवारीपर्यंत तो तिच्यात बसला. सप्टेंबरमध्ये, माउंट मेरीच्या जत्रेच्या दिवसांत, मी शेवटचा हप्ता भरला तेव्हा ती माळ्यावर पडून होती. ‘विनाव्याज’ म्हणून दिलेल्या हप्त्यांतही बऱ्याचदा रोखीवरची सूट हातची जाते, शिवाय बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो. त्यामुळे भेटीसाठी हप्ते मुळीच घेऊ नयेत, असे मी कळकळीने सांगेन.

दोघांना रुपयांनी समान वाटा देण्याची गरज नाही. सहा वर्षांचे मूल किंमत पाहत नाही, पुडकी मोजते. त्याला १,५०० रुपयांत तीन वस्तू मिळाल्या तर तो आनंदात राहील. मुलीसाठी २,५०० रुपयांची एकच, तिने स्वतः निवडलेली वस्तू घ्यावी. धाकट्याचा नाताळबाबावर विश्वास असेल, तर नाताळबाबाच्या नावाने लहानशीच वस्तू ठेवावी आणि मोठी आई-बाबांच्या नावाने द्यावी; नाहीतर ज्या वर्गमित्राच्या घरी काहीच आले नाही, त्याच्याविषयी मुलाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, त्याला आपल्याजवळ उत्तर नसते. ज्यांच्यावरून ही प्रथा आली त्या संत निकोलस यांनी, परंपरेनुसार, तीन गरीब मुलींच्या लग्नासाठी गुपचूप सोने दिले होते, म्हणजे ते गरज पाहून दिलेले दान होते.

आता टॅबविषयी. तो अभ्यासासाठी खरोखर लागणार असेल, तर वह्या-पुस्तकांसारखा तो घरखर्च आहे. त्याला नाताळच्या भेटीत धरू नये. आजी-आजोबा आणि मुलीचे धर्ममाता-धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी तिची जबाबदारी घेतलेले) दरवर्षी काही देतच असतील, तर या वर्षी वस्तूऐवजी पैसे द्यावेत अशी त्यांना मोकळेपणाने विनंती करावी. त्यांच्याकडून ३,००० रुपये जमले आणि मुलीने आपले २,५०० त्यात घातले, तर ८,५०० उरतात. जानेवारीपासून दरमहा ८५० रुपये बाजूला ठेवल्यास ऑक्टोबरअखेर टॅब रोखीने घेता येईल. मात्र २,५०० रुपये त्यात घालायचे की या नाताळला दुसरे काही घ्यायचे, हा निर्णय तिच्यावर सोडावा. अकरा वर्षांच्या मुलीला घरातला आकडा समजतो. आम्ही आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्याच रविवारी तो मुलांना सांगतो, म्हणजे विचार करायला त्यांना तीन-चार आठवडे मिळतात.