पटकथा की चित्रकथा?

बेळगाव

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले परीक्षण दोनदा वाचले. चित्रपट मनापासून पाहिला आहेस, हे ओळीओळीतून जाणवते. पण ‘कॅमेरा सुंदर’ आणि ‘दिग्दर्शन छान’ यांच्यापुढे लेखणी सरकत नाही. तुझी नजर चांगली आहे, शब्द तेवढे कमी पडतात.

आधी शॉट आणि दृश्य यांतला फरक पक्का कर. दोन कटांमधला सलग तुकडा म्हणजे शॉट. एका जागी, एका वेळी घडणाऱ्या अशा शॉट्सचे मिळून दृश्य होते. समज, वडगावातल्या एका विणकराची गोष्ट आहे. लाँग शॉटमध्ये मागासह सगळी खोली दिसते, मग तुटलेला धागा चाचपणाऱ्या बोटांचा क्लोजअप येतो, मग त्याचा चेहरा. शॉट तीन, दृश्य एक. माग थांबल्यावर शेजारच्या मागांचा खडखडाट भिंतीपलीकडून मंद ऐकू येत राहिला, तर ते ध्वनिसंयोजकाचे काम. खिडकीतून हातावर पडलेला उजेड छायालेखकाचा. चेहऱ्यावर किती क्षण रेंगाळायचे, हे संकलकाच्या टेबलावर ठरते. विणकर त्या वेळी एक शब्दही बोलत नाही, हे पटकथेतच लिहिलेले असू शकते, कारण पटकथा म्हणजे नुसते संवाद नव्हेत. दिग्दर्शकाने यांतले काय ठेवले आणि काय गाळले, हे सांगता आले तरच ‘दिग्दर्शन छान’ या शब्दांना वजन येते. (‘कॅमेरा सुंदर’ असे लिहिले की मला दुकानातल्या काचेमागचा कॅमेराच आठवतो.)

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यापुढे आणखी एक गुंता असतो. कन्नडमध्ये दिग्दर्शकाला ‘निर्देशक’ आणि पटकथेला ‘चित्रकथे’ म्हणतात. संकलन मात्र दोन्हीकडे संकलनच. तरुणपणी मी एका मराठी लेखात पटकथेला सरळ ‘चित्रकथा’ लिहून बसलो, तेव्हा कोल्हापूरच्या एका वाचकाने, मुलांच्या कॉमिक्सवर कधीपासून लिहू लागलात, असे विचारणारे कार्ड पाठवले होते. चूक माझी होती, पण ही सरमिसळ काही कालची नाही. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली कोल्हापुरात तयार झाला, आणि १९३४ सालच्या ‘सती सुलोचना’ या पहिल्या कन्नड बोलपटाचे चित्रीकरणही कोल्हापुरातच झाले. तेव्हा दोन्ही भाषांतले शब्द जवळ ठेव. फक्त मराठीत लिहिताना मराठी वाचकाला त्यातून काय कळेल, ते तपासून घे. शॉट, कट, क्लोजअप यांना ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द शोधू नकोस. चित्रीकरणाच्या जागी ते कोणी वापरत नाही.

पुढच्या पत्रासोबत त्याच चित्रपटातल्या एकाच दृश्यावर पानभर लिहून पाठव. शॉट मोजून लिही, आणि ‘सुंदर’ हा शब्द एकदाही येऊ देऊ नकोस.

तुझा शुभचिंतक