आईची बीपीची गोळी बंद करू का?

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ६४ वर्षांची आहे, १२ वर्षं झाली रोज सकाळी अ‍ॅटेनोलॉल घेते. भावाने मोबाईलवर वाचलं की अशा गोळ्यांनी पोटात जाड तंतू तयार होतात आणि किडनी जाते. तेव्हापासून ती गोळी हातात घेते आणि परत डबीत ठेवते. बंदच करू का?

उत्तर: ताई, आधी आईला आजची गोळी द्या, मग पुढचं वाचा. हा बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करून बीपी उतरवणारं औषध, एकदम थांबवला की धडधड सुरू होते, बीपी उसळतं, आणि हृदयाचा त्रास असेल तर अटॅकसुद्धा येऊ शकतो.

भावाने वाचलं ते अगदीच हवेतलं नाही बरं का. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये प्रॅक्टोलॉल नावाचा बीटा ब्लॉकर आला, प्राण्यांवरच्या चाचण्यांत काही दिसलं नव्हतं, पण माणसांचे डोळे कोरडे पडायला लागले, अंगावर पुरळ यायला लागलं, आणि काहींचं पोट ऑपरेशनला उघडलं तर आतडी पांढऱ्या जाड पापुद्र्यात गुंडाळलेली, रेशमाच्या कोषात असावी तशी. काहींना तर गोळी सोडल्यावर कित्येक महिन्यांनी हे झालं. फार भोगलं त्या लोकांनी. शेवटी ती गोळी बंद झाली.

मग बाकीच्या बीटा ब्लॉकरवरही संशय आला. भाऊ म्हणतोय तो आजार वेगळा, रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस. यात पोटाच्या मागे मणक्यापुढे तंतूंचा थर जमतो आणि किडनीतून लघवी आणणाऱ्या नळ्या आवळतो. अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांतही तुरळक केसेस छापून आल्या. पण नळी आवळली की किडनीवर ताण येऊन बीपी वाढतं, म्हणून डॉक्टर गोळी देतात, खरा आजार नंतर सापडतो आणि आळ गोळीवर येतो. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये अशा १०० पेशंटचे कागद तपासले, तरी गोळीवरचा आरोप सिद्ध झाला नाही. आजार मुळात फार दुर्मिळ आहे.

तरीपण कंबर किंवा कुशीत सतत बोथट दुखत असेल, कूस बदलूनही थांबत नसेल, पाय सुजत असतील, लघवी कमी होत असेल तर थांबू नका, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, लागलं तर सीटी स्कॅन. वेळेत सापडलं तर स्टिरॉइड देतात, लघवीच्या नळीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) घालतात, किडनी वाचू शकते. आणि गोळी बदलायचीच असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू डोस कमी करत.