आधी उपकेंद्र, मग एक्सेल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सार्वजनिक वित्तसंस्थेत ऊर्जा प्रकल्पांच्या मूल्यांकनाचं काम तुझ्याकडे आलं आणि पहिलीच फाइल मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या (शेतीपंपांच्या वाहिन्यांना उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पांतून वीज देणाऱ्या) प्रकल्पाची निघाली, हे वाचून फार बरं वाटलं. योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला आणि मार्च 2024 मध्ये विकासकांना, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांना, सुमारे 9,200 मेगावॉटची स्वीकृतीपत्रं दिली गेली. रात्रपाळीची वीज आली की थंडीत, बिबट्याच्या भीतीत शेतकऱ्याला दारं धरायला जावं लागतं. ते थांबावं, थ्री फेज वीज दिवसा मिळावी, यासाठी हा पैसा आहे. हे मनात ठेवूनच आकडे वाच.

आधी 1 मेगावॉटचा हिशेब स्वतः कागदावर मांड. सीयूएफ (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात निघते ते प्रमाण) 19 टक्के धर, म्हणजे वर्षाला साधारण 16.6 लाख युनिट. दर 3 रुपये धरला तर 50 लाख उत्पन्न. देखभाल 5 लाख. चार एकर जागा खासगी असेल तर हेक्टरी सव्वा लाख दराने 2 लाख भाडं, आणि ते दर वर्षी 3 टक्क्यांनी वाढतं. हाती उरले 43 लाख. खर्च साडेतीन कोटी धरून 70 टक्के कर्ज, 9 टक्के व्याज, 15 वर्षं मुदत घेतली तर वर्षाचा हप्ता 30 लाखांच्या थोडा वर जातो. डीएससीआर, म्हणजे हाती उरलेली रक्कम हप्त्याच्या किती पट ते, 1.41. ठीक दिसतं. आता दिवसाच्या वीजखंडामुळे 10 टक्के युनिट बुडाले असं धर: 1.25. वीस टक्के बुडाले की 1.08, म्हणजे एक इन्व्हर्टर जळला तरी हप्ता चुकेल. अहवालात ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, उपलब्धता 98 टक्के छापलेली असते. ती कुठून आली, हे विचारायचं काम तुझं.

त्याचं उत्तर वीज उपकेंद्रात मिळतं. ग्रिड गेली की सौर प्रकल्पही बंद पडतो. ऊन कितीही असो, पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणारा इन्व्हर्टर एकटा चालत नाही. ग्रामीण भागात उपकेंद्राला वीज आणणारी 33 केव्हीची लाइन बहुतेक ठिकाणी एकेरी असते. ती पडली की सगळंच ठप्प. म्हणून यंत्रचालकाकडून वर्षभराची लॉगशीट आणि वीजखंडांची नोंदवही माग आणि सकाळी 8 ते संध्याकाळी 5 एवढेच तास मोज. दुपारी 12 चा एक तास सकाळी 8 च्या तासापेक्षा कितीतरी जड, हे विसरू नकोस. ग्रिडअभावी बुडालेल्या युनिटांची भरपाई वीजखरेदी करारात आहे का, कोणत्या मर्यादेनंतर आहे, ते कलम शब्दाशब्दानं वाच.

त्याच लॉगशीटमध्ये जानेवारी आणि ऑगस्ट शेजारी ठेवून बघ. रब्बीत कृषी वाहिन्या भरून चालतात. ऑगस्टमध्ये पंप बंद, भार जवळपास नाहीसा. समज, 5 एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर 4 मेगावॉट सौर जोडलंय आणि पावसाची उघडीप आहे. वीज उलटी 33 केव्हीकडे चढते, 11 केव्हीच्या बसवरचा (वाहिन्या जिथे जोडतात त्या पट्टीवरचा) विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो, इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो. विकासक याला 'ग्रिडची अडचण' म्हणतो, वीज कंपनी 'इन्व्हर्टरची'. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (दाब कमी-जास्त करायची सोय), रिलेची (बिघाडात लाइन तोडणाऱ्या उपकरणाची) सेटिंग आणि इन्व्हर्टरच्या दाबमर्यादा कर्जमंजुरीपूर्वी एका कागदावर जुळलेल्या हव्यात. नंतर कोणी जुळवत बसत नाही.

मीटर उपकेंद्राच्या टोकाला असतो, म्हणजे प्रकल्पापासून तिथपर्यंतच्या लाइनची गळती विकासकाच्या खिशातून जाते. लांबी नकाशावरच्या सरळ रेषेवरून धरू नकोस. बांधाबांधानं, रस्त्याकडेनं ती किती होते ते चालून बघ. एका शेतकऱ्यानं खांब रोवू दिला नाही, म्हणून तयार प्रकल्प महिनोन्‌महिने पडून राहतो.

जमिनीचा सातबारा, फेरफार आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत, तिन्ही मूळ बघ. सातबाऱ्यावर 'गायरान' असलं तरी जागेवर कोणाचं पीक, कोणाची वस्ती, कोणाची गुरं, हे गावात विचार. ग्रामसभेत विरोध असेल तर तो आधी कळलेला बरा. विदर्भात 'झुडपी जंगल' ही नोंद दिसली की थांब. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच ठरवली आहे; वनमंजुरीशिवाय पुढे जाऊ नकोस. काळ्या मातीत पॅनेलच्या खांबांची ओढचाचणी (ओढून ते किती घट्ट आहेत ते बघणं) केल्याचा अहवाल माग. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया दोन वर्षांत कलतो.

विकासकाला कर्जाचे हप्ते सोडताना 'साहित्य पोचलं' या शब्दांवर समाधान मानू नकोस. एक पेटी उघडून घे, पॅनेलचा अनुक्रमांक चाचणी अहवालाशी ताडून बघ. विकासकाचं भांडवल आधी खर्च झालं पाहिजे, आपलं मागून. पीएम-कुसुम या केंद्राच्या शेती-सौर योजनेतलं मेगावॉटला 1.05 कोटींपर्यंतचं केंद्रीय साहाय्य प्रकल्प सुरू झाल्यावर येतं. बांधकामाच्या रोकडीत ते धरलेलं दिसलं तर तक्ता परत पाठव. ते आलं की थेट कर्जात वळतं करायची अट कर्जकरारात घाल.

पाण्याचं मात्र सगळेच विसरतात. मेगावॉटमागे साधारण 2,400 पॅनेल, प्रत्येकी अडीच लिटर, म्हणजे एका धुण्याला 6,000 लिटर. एप्रिलमध्ये विहीर आटलेल्या गावात हा टँकर कुठून येणार, आणि गावाला प्यायला नसताना तो प्रकल्पात शिरताना गाव काय म्हणेल? कोरड्या ब्रशनं पुसायची सोय अंदाजपत्रकात आहे का, बघ.

प्रकल्प सुरू झाल्यावर फाइल कपाटात जाऊ देऊ नकोस. सहा महिन्यांनी त्याच उपकेंद्रातून त्या कृषी वाहिनीची लॉगशीट पुन्हा माग: थ्री फेज किती वाजता चालू, किती वाजता बंद. निर्मिती पूर्ण आणि पुरवठा अजून रात्रपाळीचा, असं दिसलं तर तुझ्या अहवालात ते पहिल्या पानावर लिही, हप्ता वेळेवर आला असला तरी.

तुझ्या पहिल्या भेटीची तारीख कळव. लॉगशीटच्या प्रती पाठवल्यास तर मीही बघेन.

तुझा,
काका