पळसाला पानं तीनच, मग जाऊ की नको?

प्रश्न: ताई, मी सहा वर्षं हिंजवडीत जॉब करतेय. बॉसची कटकट, रोजचं ट्रॅफिक, सगळ्याचा कंटाळा आलाय आणि आता बंगळुरूची ऑफर आलीये. घरी सगळे खुश आहेत पण आजी एवढंच म्हणाली, "कुठेही जा, पळसाला पानं तीनच." तेव्हापासून मन खट्टू झालंय. ती मला जाऊ नको म्हणतेय का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: नाही गं, ती असं म्हणालीच नाहीये! म्हणीची सुरुवातच बघ ना, "कुठेही जा".

आता पळसाकडे बघू. होळीच्या सुमारास पुण्याबाहेर पडलीस की दिसेल, पानं गळलेल्या फांद्यांवर नुसती केशरी फुलं, रान पेटल्यासारखं वाटतं. पानं नंतर येतात आणि येतात ती तीन-तीनच्या जुडीत, मधलं मोठं, बाजूची दोन जरा तिरकी. वनस्पतिशास्त्रात ती तिन्ही मिळून एकच पान धरतात, पण पत्रावळी लावणाऱ्या बायकांनी हाताला लागली तशी मोजली, म्हणून तीन. माळावर उगवू दे नाहीतर डोंगरात, हे काही बदलत नाही. क्वचित पिवळ्या फुलांचा पळस असतो, त्यालासुद्धा तीनच.

म्हणजे आजी सांगतेय की काही गोष्टी जागा बदलून बदलत नाहीत. ट्रॅफिक बंगळुरूलाही आहे, कटकट करणारा बॉस तिथेही भेटू शकतो. त्यामुळे मला विचारशील तर ऑफरमधून ट्रॅफिक आणि बॉस हे दोन्ही वजा कर आणि मग काय उरतं ते बघ. नवीन काम, पगार, शिकायला मिळणं असं काही उरत असेल तर बिनधास्त जा, आणि फक्त इथून सुटका एवढंच उरत असेल तर थोडं थांब.

दुरून डोंगर साजरे ही म्हणसुद्धा लोक अशीच घाबरवायला वापरतात, मला ते अजिबात पटत नाही. सिंहगड लांबून निळसर गुळगुळीत दिसतो, चढायला लागलं की दगड, घाम, धाप, तरी रविवारी पहाटे पायवाटेवर किती गर्दी असते बघ.

आणि हो, निघायच्या आधी आजीजवळ बस. ही म्हण तिला कोणी, कधी ऐकवली होती ते विचार. तीही कधीतरी माहेर सोडून निघालीच होती ना.