गॅलरीतली माणसं नाहीशी करताना

प्रिय मुली,

तुमच्या गाण्याच्या व्हिडिओचा तुझा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, काल रात्री तीनदा पाहिला, शेवटच्या वेळी आवाज बंद करून. गाणं सुरेख झालंय. गिरगावातल्या चाळीतली शेवटची रात्र, आणि गाणारा त्याच चाळीत वाढलेला तुमच्या वर्गातला मुलगा. पण पहिल्या मिनिटातच ग्लिच (चित्र मुद्दाम तुटल्यासारखं दाखवणं), लाइट लीक (चित्रावर सांडलेला उजेड), फाटलेले रंग, जुन्या कॅसेटच्या रेघा, सगळं येऊन गेलं. शिकताना हे करून बघायलाच हवं, मीही रात्ररात्र जागून केलंय. पण चाळ रिकामी होतेय, हे त्यातल्या एकाही इफेक्टमुळे मला कळलं नाही.

इफेक्ट एडिटला बसल्यावर सुचला, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तो शूटच्या आधी ठरव, कारण त्याला लागणारा कच्चा माल कॅमेऱ्यातूनच यावा लागतो. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती. रोप वाढून गेल्यावर ते दृश्य कुठून आणणार? दादरला फाळके रोडवरून जाताना मला दर वेळी ती कुंडी आठवते.

तुमच्या गाण्यासाठी मला एकच इफेक्ट दिसतो: गॅलरीत उभी असलेली माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि मागे नुसते कठडे उरतात. कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा. सगळे उभे असताना रेकॉर्डिंग सुरू करायचं, एकेकाला बाहेर काढायचं, आणि शेवटी रिकामी गॅलरी निदान अर्धा मिनिट घ्यायची. एडिटमध्ये मूळ शॉटवर रिकाम्या गॅलरीचा थर ठेवायचा आणि ज्याला घालवायचंय त्याच्या जागेपुरताच मास्क, म्हणजे वरचा थर तेवढ्याच भागात दिसू देणारी खिडकी, उघडायचा. मास्कमध्ये त्याची सावलीही घे. माणूस गेला आणि भिंतीवर सावली राहिली, तर बघणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं. माणसं एकमेकांना झाकत नाहीत ना, हे शूटच्या वेळीच बघून घे.

फोकस, एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक) तिन्ही मॅन्युअलवर हवेत. ऑटोवर ठेवलंस तर माणसं हलली की उजेड बदलतो आणि दोन थरांचा सांधा उघडा पडतो. आणि ट्रायपॉड लाकडी गॅलरीत नको. असाच एक शॉट मी परळच्या एका चाळीत घेतला होता. कुणी तरी बादली घेऊन मागून गेलं, फळ्या हलल्या, फ्रेम केसभर सरकली. त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. एडिटला मात्र प्रत्येक माणूस जाताना मागचा कठडा थरथरायचा. सगळा शॉट टाकून द्यावा लागला, आणि तोवर बिऱ्हाडं हलली होती. तुम्ही खाली चौकातल्या फरशीवर ट्रायपॉड लावा.

आता ताल. तुमचं गाणं 100 बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला 100 ठोक्यांचं आहे, एडिटची टाइमलाइन सेकंदाला 25 फ्रेमची. म्हणजे एका ठोक्याला बरोबर 15 फ्रेम. दर चौथ्या ठोक्याला एक माणूस गेला, तर दोन माणसांमध्ये 60 फ्रेम मिळतात. कडव्यात ही गती पुरे. ध्रुवपदात कुणालाच घालवू नकोस, तिथे शब्द ऐकू देत. पुढे कधी 120 च्या गाण्यावर काम केलंस तर ठोका साडेबारा फ्रेमवर येईल. तेव्हा फ्रेम मोजत बसू नकोस, गाणं ऐकत टाइमलाइनवर मार्कर, म्हणजे खुणा, टाक.

आणखी एक गोष्ट करून बघ. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, मुलानं त्याच वेगानं ओठ हलवायचे, आणि शूट 50 फ्रेमवर. ते 25 वर आणलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण मागे धावणारी पोरं, दोरीवरचे कपडे निम्म्या वेगानं हलतात. त्याला आधी घरी सराव करू दे, दुप्पट वेगात शब्द तोंडात अडखळतात. चाळीत ट्यूबलाइट आहेत, म्हणून शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, शंभरांश सेकंदावर ठेव. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. शटर जुळलं नाही तर चित्रात पट्टे फिरतात. मोबाईलवर घेणार असशील तर फ्रेमरेट आधी तपास, बहुतेक वेळा तो 30 वर असतो.

रविवारी पाण्याची वेळ होण्याआधी शूट उरकून घ्या, नंतर चौकात बादल्यांची वर्दळ असते. आणि आजी दोरीवरून शेवटचं लुगडं काढतात तो अकरा सेकंदांचा शॉट आहे ना, त्यावरचा ग्लिच आजच काढ. त्या मध्येच थांबून लुगड्याचं टोक हातात धरतात, ते मला नीट बघायचंय.

तुझी,
ताई